पोतं जड दिसतंय का?

‘छान काढलंयस’ एवढंच ऐकून समाधानानं घरी परतणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते. डिझाइनच्या किंवा ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाला जायचं, स्टुडिओत काम मागायचं, म्हणून ही मुलं पोर्टफोलिओ तयार करतात आणि त्यातली पात्रांची स्केचेस दाखवायला माझ्याकडे येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: “ताई, कसं झालंय?” या प्रश्नाला कामाचं उत्तर मिळत नाही.

समोर बसलेल्या माणसाचं पोर्ट्रेट एकदा साधलं की झालं. पात्र मात्र धावताना, रडताना, पाठमोरं, कसंही काढलं तरी तेच वाटलं पाहिजे. ॲनिमेशनमध्ये एकच पात्र अनेक हातांनी काढलं जातं, म्हणून त्याची मॉडेल शीट, म्हणजे सगळ्यांनी समोर ठेवायचा नमुना, करतात. त्यात उंची डोक्यांत मोजतात: मोठा माणूस साधारण साडेसात डोकी, गमतीदार पात्र तीन-चार डोक्यांतही बसतं.

मी आधी चित्राचा बाह्याकार काळ्या रंगानं भरायला सांगते. नाक, डोळे, कपड्यांवरची नक्षी, सगळं गेलं की काय उरतं? आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घ्या. धोतर, कोट, टकलाच्या कडेला उडणारे केस. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा आहे. रंग नसूनही तो लगेच ओळखू येतो. ‘टिंकल’मधला राम वाईरकर यांनी काढलेला सुपंडीही असाच, नुसत्या डोक्याच्या घडणीवरून कळतो.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी मार्केट यार्डातल्या हमालाचं पात्र घेऊन आली. रेषा सफाईदार, डोळे बोलके, रंगसुद्धा भरलेले. तिला विचारायचं होतं ते डोळ्यांबद्दल. मी पाहत होते पाठीवरचं पोतं. माणूस ताठ उभा आणि पोतं पाठीला चिकटवल्यासारखं. पन्नास किलोचं ओझं पाठीवर आलं की माणूस पुढे झुकतो, नाहीतर मागे पडेल; ओझ्याचा आणि अंगाचा भार मिळून पावलांवर आणावा लागतो. मी चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि फक्त कण्याची एक तिरकी रेघ, वाकलेले गुडघे आणि पुढे आलेली मान दाखवली. चेहऱ्याला हात लावला नाही. मूळ चित्रावर पेन्सिल चालवणारे शिक्षक मला आवडत नाहीत. मुलाचा कागद त्याचाच राहिला पाहिजे. मग तिला यार्डात जाऊन गाडीतून माल उतरताना पाहत उभं राहायला सांगितलं. पुढच्या खेपेला तिच्या वहीत झरझर काढलेल्या लहान आकृत्या होत्या आणि त्यांतल्या हमालाची नजर जमिनीवर होती. डोळ्यांचा प्रश्न पाठीनं सोडवला होता.

म्हणून रंग भरण्याआधी दाखवा. रंगवायला चार संध्याकाळी घातल्या की पोझ मोडायला मन तयार होत नाही, आणि बघणाऱ्यालाही बोलायला संकोच वाटतो. फोनवर फोटो पाठवत असाल तर कागद दिवसाच्या उजेडात ठेवून नेमका वरून काढा; तिरक्या फोटोत प्रमाणं बिघडतात आणि नसलेल्या चुका दिसतात.

चित्रकलेतलं काही न कळणाऱ्यांनाही जरूर विचारा. आजीसमोर कागद ठेवा आणि गप्प बसा. “हा कोण असेल? वय काय? आत्ता याचं काय झालंय?” एवढंच विचारा. ती म्हणाली, “कोणी मास्तर दिसतोय,” आणि तुम्ही चोर काढला असेल, तर समजावत बसू नका, तिचे शब्द लिहून घ्या. जाणकाराला मात्र नेमकं विचारा: भार कुठे पडतोय, हात कुठे अडतोय. दोन वेगवेगळी माणसं एकाच जागी अडखळली तर ती जागा बदलायलाच हवी. कशी बदलायची, ते त्यांनी सांगितलं तरी ठरवायचं तुम्ही.

जुनं स्केच फाडू नका. ताठ हमाल आणि वाकलेला हमाल शेजारी ठेवले की ही मुलगी कशी विचार करते, हे पोर्टफोलिओ पाहणाऱ्याला एका पानात कळतं.

सध्या ती त्याचं मागचं दृश्य काढते आहे. मागून पाहिलं तर पोतंच दिसतं, मग हा तोच हमाल हे कशावरून ओळखायचं? ती म्हणते, डोक्याच्या फडक्याच्या गाठीवरून. मला वाटतं, पायांवरून. शनिवारी ती दोन्ही काढून आणणार आहे.