दिवसा एकाचा, रात्री दुसऱ्याचा

ऑगस्ट 1942. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाडलकॅनल बेटावर अमेरिकी मरीन सैनिक उतरले आणि जपान्यांनी बांधत आणलेली धावपट्टी त्यांनी ताब्यात घेतली. तिचं नाव पडलं हेंडरसन फील्ड. पुढचे सहा महिने या पट्टीसाठी आकाशात, समुद्रावर आणि जंगलात जे युद्ध झालं, त्याला एक चकित करणारं वेळापत्रक होतं. ते कुठल्या सेनापतीने नव्हे, तर अंतराने आणि सूर्याने आखून दिलं होतं.

जपानी बॉम्बर बहुतेक वेळा दुपारच्या सुमारालाच येत. त्यांचा मोठा तळ रबाउलला, हजार किलोमीटरहून दूर. सकाळी उड्डाण केलं की चारेक तासांनी ग्वाडलकॅनल, आणि अंधार पडायच्या आत परतायचं तर यापेक्षा उशीर परवडणारा नव्हता. सोबतच्या झिरो लढाऊ विमानांकडे परतीपुरतं इंधन राखून लढायला मोजकीच मिनिटं उरत.

वाटेत बूगनविल बेट लागे. तिथल्या डोंगरात ऑस्ट्रेलियन नौदलाचे किनारा-पहारेकरी लपून बसलेले असत. पॉल मेसन आणि जॅक रीड ही त्यांतली दोन नावं. त्यांचा रेडिओ, बॅटऱ्या आणि चार्जिंगचं इंजिन मिळून एवढं ओझं होई की जागा बदलायची तर डझनभर हमाल लागत. जपानी गस्त मागावर असताना स्थानिक बेटवासी ते धूड जंगलातून वाहून नेत. मला तर या सगळ्या कहाणीतले खरे वीर तेच वाटतात. डोक्यावरून गेलेली विमानं मोजून पहारेकरी संदेश धाडत, की हेंडरसनला सुमारे दोन तास आधी सुगावा लागे. अमेरिकी वाइल्डकॅट विमानांना बॉम्बरच्या वरची उंची गाठायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागायचा. संदेश आला नाही, तर ती वर पोहोचण्याआधीच बॉम्ब पडून गेलेले असायचे.

बॉम्ब पडले की नौदलाच्या बांधकाम पथकाची घाई. खड्डे भरायला माती-मुरमाने भरलेले ट्रक आधीच तयार ठेवलेले असत. मोठा खड्डा बुजवून त्यावर पोलादी जाळ्या पुन्हा अंथरायचं काम शंभर माणसं चाळीस मिनिटांत उरकत. वर गेलेल्या विमानांना उतरायला पट्टी हवीच होती.

आता सूर्याचा हिशेब. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर संध्याकाळी सहाच्या आगेमागे मावळतो. हेंडरसनची विमानं सुमारे साडेतीनशे किलोमीटरपर्यंत जहाजांवर हल्ला करू शकत. म्हणून जपानी विनाशिका संध्याकाळपर्यंत त्या टप्प्याबाहेर राहत आणि अंधार पडला की ताशी 55 किलोमीटरच्या वेगाने दौडत निघत. मध्यरात्रीच्या सुमारास बेट, घाईघाईने सैनिक उतरवायचे, आणि उजाडायच्या आत पुन्हा टप्प्याबाहेर! अमेरिकनांनी या फेऱ्यांना नाव दिलं ‘टोकियो एक्सप्रेस’. तोच समुद्र दिवसा अमेरिकेचा, रात्री जपानचा.

विनाशिका वेगवान खऱ्या, पण त्यांच्यावर जड तोफा आणि पोत्यांच्या थप्प्या किती मावणार? मालवाहू जहाजं मंद, त्यांना रात्र पुरत नसे. नोव्हेंबरमध्ये जपानने 11 मालवाहू जहाजांचा ताफा भर दिवसा पुढे रेटून पाहिला. त्यांतली 4 च बेटाच्या किनाऱ्याला लागली, आणि सकाळ होताच तीही पेटवली गेली.

मग निघाली पिंपांची युक्ती. इंधनाची रिकामी पिंपं स्वच्छ करून त्यांत धान्य भरायचं, पण अर्धवटच, म्हणजे ती तरंगतील. मग दोराने एकमेकांना बांधून किनाऱ्याजवळ पाण्यात ढकलायची आणि दोराचं टोक होडीने किनाऱ्यावर पोहोचवायचं. पुढे ओढायची ती उपाशी, मलेरियाने खंगलेल्या सैनिकांनी. उजाडेपर्यंत जी ओढून होत नसत, त्यांच्यावर अमेरिकी विमानं गोळ्या झाडत. डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्री सुमारे 1500 पिंपं सोडली, किनाऱ्याला लागली जेमतेम 310. जंगलातल्या जपानी सैनिकांना गोळ्यांपेक्षा भुकेने आणि तापाने अधिक मारलं.

फेब्रुवारी 1943 मध्ये जपानने बेट सोडलं, तेव्हाही विनाशिका त्याच रस्त्याने, त्याच वेळेला आल्या. तीन रात्रींत त्यांनी दहा हजारांहून जास्त सैनिक उचलून नेले आणि अमेरिकन सेनाधिकारी, एवढी जहाजं दिसत असूनही, जपान नवा हल्ला चढवणार याच समजुतीत राहिले.