ट्रॉलीची पिन बघितली का?

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रॉल्या भरू लागतात. पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, कोपीचे बांबू, ताडपत्री, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेल्या बाया नि लेकरं. सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला निघालेली.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींची सून अशाच ट्रॉलीतून पडली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या. चढावर खड्ड्यात आदळून मागच्या ट्रॉलीची पिन उसळली, ट्रॉली मागे घसरत चारीत कलंडली. हातात सळई बसवावी लागली. भेटायला गेले तर म्हणाली, "काकू, पिनेच्या भोकात नुसता खिळा वाकवून घातलता. म्या बघितला बी. पन बाईमानसानं डायवरला काय म्हनावं?"

मला रात्रभर झोप लागली नाही. मी बी.ए. झालेली, बचत गटाच्या बायकांना बँकेचे फॉर्म भरून देणारी. पण ट्रॉली ट्रॅक्टरला कशी जोडतात हेही मला ठाऊक नव्हतं. मग गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे जाऊन बसले. त्यांनी चहा पाजून सगळं दाखवलं.

ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीची दांडी यांना धरून ठेवते ती एक जाड पिन. धक्क्याने ती वर उसळू नये म्हणून तिच्या खालच्या भोकात स्प्रिंगची क्लिप हवी. तार किंवा खिळा चालत नाही. शिवाय एक मजबूत साखळी हवी, म्हणजे पिन गेलीच तरी ट्रॉली सुटून जात नाही. बहुतेक ट्रॉल्यांना ती नसतेच!

बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर सगळा भार ट्रॅक्टरला ढकलतो, म्हणून डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं म्हणजे जिवाशी खेळ. ट्रॅक्टरला ब्रेकची पायटं दोन असतात, डाव्या-उजव्या चाकाची वेगळी. शेतात ती सुटी चालतात, रस्त्यावर मात्र एकमेकांना अडकवलेलीच हवीत, नाहीतर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर फिरतो. उन्हाळाभर उन्हात उभ्या ट्रॉलीचे टायर बाजूने तडकतात. तेही बघायचे, चाकाचे नट आवळायचे, बेअरिंगला ग्रीस भरायचं. (आमच्या ह्यांना हे सगळं माहीत होतं. "तू कधी विचारलंस?" म्हणे!)

गेल्या वर्षी निघण्याआधीच्या रविवारी आम्ही चौघीजणी रिफ्लेक्टरची पट्टी घेऊन वस्तीवर गेलो. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी. उसाची वाढी मागे लोंबली की ही पट्टी झाकली जाते, हेही सांगितलं. फाळक्याला टेकून कुणी बसायचं नाही, दांडीवर तर नाहीच. गाणी एवढ्या मोठ्याने लावायची नाहीत की मागचा हॉर्न ऐकू येऊ नये. पंक्चर झाल्यावर चाकाखाली लावलेले दगड निघताना उचलायचे. त्या दगडांनी किती मोटारसायकलवाले पडतात!

पण खरं सांगू? पट्टी चिकटवताना मला लाज वाटत होती. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याने परवानगीच नाही, अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळतानाही अडचण येते. मी मुकादमाला म्हटलं, सामान ट्रॉलीत जाऊ दे, माणसांना प्रवासी गाडी करा. तो हसून म्हणाला, "करतो की काकू. भाडं उचलीतून कापून घेतो."

बायकांनी तिथंच बोटांवर हिशेब केला. तान्ही मुलं असलेल्या पाचजणी गाडीने गेल्या. बाकीच्या ट्रॉलीतच चढल्या. मावशींची सून सगळ्यांच्या शेवटी आली. चढण्याआधी खाली वाकली आणि बऱ्या हाताने पिनेची क्लिप ओढून बघितली. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. तिने साखळीही ओढून बघितली, मग चढली.