वाईकर, सातारकर : गावाचं नाव घेऊन गेलेल्या

१५ मे २०१८ रोजी यमुनाबाई वाईकर वाईत गेल्या. वय १०२. तीन वर्षांनी, २५ मे २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत कांताबाई सातारकर संगमनेरला गेल्या. एक बैठकीच्या लावणीची, दुसरी ढोलकीफडाच्या तमाशाची. जन्माचं आडनाव दोघींनीही मागे ठेवलं आणि गावाचं नाव लावलं. यमुनाबाई मूळच्या जावळे. कांताबाईंचा तर जन्मही साताऱ्याचा नाही. तो गुजरातेत डभईला, १९३९ सालचा. पण साताऱ्यात वाढल्या, मेळ्यांतून नाचू लागल्या आणि सातारकर झाल्या त्या कायमच्या.

तमाशाच्या धंद्यात बाईला गावाचं नाव लागतं: नारायणगावकर, संगमनेरकर, पंढरपूरकर. जातीवरून ओळखलं जाणं टळतं आणि कुठल्या मातीतलं गाणं ऐकायला मिळणार, तेही रसिकाला कळतं. गाव मात्र एवढ्या सहजपणे तिचं नाव घेत नाही. अशा बाई गेल्या की दोन दिवस वर्तमानपत्रात फोटो येतो, श्रद्धांजल्या होतात. पुढे त्यांची आठवण कोण ठेवतं, आणि कशात?

कृष्णेच्या काठाने निघालं तर या प्रश्नाची उत्तरं टप्प्याटप्प्याने भेटतात. महाबळेश्वरहून खाली आलं की वाई. ढोल्या गणपतीची, घाटांची, प्राज्ञपाठशाळेची आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची वाई. मराठी विश्वकोशाचं काम इथेच उभं राहिलं. त्याच वाईच्या नावाने एक संगीतबारी मुंबईपर्यंत गाजली. पाटीवर तीन नावं होती: यमुना, हिरा, तारा. एकाच घरातल्या तिघी.

संगीतबारी म्हणजे काय, हे ढोलकीफडाशेजारी ठेवलं की नीट कळतं. ढोलकीफड हा मोठा संसार. तंबू, ट्रक, सोंगाड्या, सरदार, वग लिहिणारा, पाऊणशे-शंभर माणसं. गण, गवळण, बतावणी आणि मग पहाटेपर्यंत वग. तो जत्रांमागे फिरतो. पालच्या खंडोबापासून खरसुंडीच्या सिद्धनाथापर्यंत. संगीतबारी छोटी असते. पाच-सात बाया, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला किंवा तबलजी. वग नाही, सोंगाड्या नाही. नुसतं गाणं, नाच आणि अदा. बारी थिएटरात मुक्कामाला असते आणि एका थिएटरात अशा अनेक बाऱ्या आळीपाळीने उभ्या राहतात. मुख्य म्हणजे बारीची मालकी बाईची. पार्टीला नाव तिचं, सुपारी घेते ती, साजिंद्यांचा हिशेब चुकता करते ती. आपल्या कलेच्या धंद्याची मालकीण बाई आहे, असं चित्र महाराष्ट्रात फार ठिकाणी दिसायचं नाही.

या मालकीमागची दुसरी बाजूही सांगायला हवी. बारीतल्या बहुतेक जणी कोल्हाटी समाजाच्या. घर त्यांच्या कमाईवर चाले, भावांची लग्नं त्यांच्या पैशातून होत; स्वतःचं लग्न मात्र त्यांच्या वाट्याला नसे. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनाने १९९४ साली हे सगळं पांढरपेशा वाचकासमोर आणलं. यमुनाबाईंची सुरुवातही अशीच. ३१ डिसेंबर १९१५ चा जन्म, घरात अठराविश्वे दारिद्र्य. आईबरोबर रस्त्यावर गाऊन पोट भरायचं. तिथून मुंबईचे रस्ते, मग थिएटर, मग स्वतःची पार्टी. पुढे १९९५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री. पद्मश्री मिळाली तेव्हा बाईंनी नव्वदी कधीच ओलांडली होती.

यमुनाबाईंची खासियत बैठकीची लावणी. उभ्या लावणीत पायातले चाळ बोलतात. बैठकीत बाई मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसते आणि सगळा कारभार चेहरा, मान, बोटं आणि पदर यांच्यावर येतो. श्रोते हातभर अंतरावर. ती धृपदाची ओळ घेते. पहिल्यांदा सरळ, जणू नुसता निरोप सांगितला. त्याच ओळीला दुसऱ्यांदा भुवई किंचित वर जाते आणि निरोपाचा टोमणा होतो. तिसऱ्यांदा ती समोरच्याकडे बघतच नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते, तेव्हा टोमण्याचा रुसवा होतो. चौथ्यांदा सूर वरच्या षड्जावर जाऊन ठेपतो, हात उघडा पडतो आणि रुसवा हरतो. शब्द तेच, चाल तीच. पेटीवाला तिच्या श्वासाकडे कान लावून असतो, ढोलकीवाला समेवर येण्याआधी तिच्या मानेकडे बघतो. एखाद्या रसिकाला त्यातली एक अदा आवडली की तो पैसे पुढे करून तीच ओळ पुन्हा मागतो, ही दौलतजादा. खमाज, पिलू, भैरवी हे राग इथे घरचे आहेत, आणि ठुमरीशी हिचं नातं जाणकारांनी पुष्कळदा दाखवलं आहे. दिल्लीत पंडित बिरजू महाराजांसारख्या कथकच्या गुरूबरोबर यमुनाबाईंचा कार्यक्रम झाला, तो याच जोरावर.

ही अदा कागदावर उतरत नाही. लावणीची वही सापडते, चालीचं स्वरलेखन करता येतं, रेकॉर्डिंगही होतं. पण चौथ्या वेळी हात कधी उघडायचा, हे बसूनच शिकावं लागतं. बारीत मुलगी आईच्या, मावशीच्या मागे बसून झील, म्हणजे ओळीला मागून सूर, धरते. वर्षानुवर्षं मागे बसल्यावर पुढे बसायला मिळतं. म्हणून बारीतली एखादी बाई गेली की पुढची गाताना ओळीच्या आधी कानाच्या पाळीला हात लावून तिचं नाव घेते. हेच तिचं वर्षश्राद्ध.

कृष्णा पुढे कऱ्हाड ओलांडून सांगली जिल्ह्यात, वाळव्यात येते. तिथे रेठरे हरणाक्ष, पठ्ठे बापूरावांचं गाव. १८६६ साली ब्राह्मणाघरी जन्मलेले श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी, म्हणजेच बापूराव, तमाशात गेले आणि शेकडो लावण्या लिहून गेले. त्यांच्या फडाला कळा आली ती पवळामुळे. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची ही महार समाजातली मुलगी. तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांत तिचं नाव घेतात. त्याआधी बाईची कामं नाच्या पोऱ्या करी. बापूरावांच्या नावाने पुरस्कार आहेत, त्यांच्या लावण्यांचे संग्रह छापले गेले. पवळा मात्र बहुतेक वेळा त्यांच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणूनच येते. ज्याने लिहिलं त्याचं नाव छापलं गेलं. जिने गायलं तिचं गाणं तिच्याबरोबर गेलं.

सांगलीला आठवण ठेवण्याची सवय जुनी आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन, आणि त्याच दिवशी भाव्यांच्या नावाचं गौरवपदक. त्या खेळात सीतेचं काम पुरुषानेच केलं होतं. शेजारी मिरजेची रीत वेगळी. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात देशभरातले गवई तिथे येतात, दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली बसून एकेक राग गातात आणि जातात. बिदागीची अपेक्षा नसते, ही हजेरी असते. खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचा, १९०५ चा. बाईने जाहीर मैफलीत, तिकीट लावून, मानाने बसून गावं, ही वाट पाडणाऱ्यांत त्या पहिल्या. ख्यालाला अशी प्रतिष्ठा मिळाली. बैठक तीच, षड्जही तोच. लावणीला मात्र १९४८ च्या सुमारास सरकारी बंदी मिळाली. बंदी उठली ती तमाशा सुधारण्याच्या समित्या आणि आधी तपासून घेतलेल्या संहिता घेऊनच.

मग तमाशातल्या बाईची आठवण कुणी ठेवली? फडाने, त्याच्या पाटीवर. कांताबाई तुकाराम खेडकरांच्या फडात राज्य करत होत्या. पुरुषवेष घालून शिवाजी महाराजांचं काम करणारी बाई म्हणून त्यांचा बोलबाला होता. १९६४ साली खेडकर गेले, फडातलं स्थान गेलं, पदरात मुलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून स्वतःचा फड उभा केला. पाटीवर आधी गेलेल्या नवऱ्याचं नाव लावलं, मग स्वतःचं. आज त्यांचा मुलगा रघुवीर खेडकर तोच फड चालवतो आणि पाटीवर आईवडील दोघंही आहेत. जत्रेतलं पोरही ट्रकवरचं हे नाव वाचतं. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला. एका गेलेल्या बाईच्या नावाने दुसरीचा सन्मान, असा तो योग.

ढोलकीफडाला पुढे चालवणारा मुलगा मिळाला की पाटी टिकते. संगीतबारीचं तसं नाही. तिला मुलगी लागते. आणि इथेच खरी मेख आहे. बारीत आयुष्य घालवलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईची एकच धडपड असते: पोरीच्या पायात चाळ बांधायची वेळ येऊ नये. तिला शाळेत घालावं, नर्सिंगला, बीएडला पाठवावं, तिचं लग्न चारचौघींसारखं व्हावं. हा निर्णय चुकीचा आहे, असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. मात्र त्याची किंमत कलेला मोजावी लागते: पोरगी सुटली, तर झील धरायला मागे कुणी बसत नाही आणि आजीची चौथी अदा आजीबरोबर जाते. आपण 'परंपरा जपा' म्हणतो, तेव्हा नकळत त्या पोरीलाच परत बस म्हणत असतो.

यातून वाट निघते ती कला जन्मापासून वेगळी केली तर. ती वाट दिसू लागली आहे. भूषण कोरगावकरांनी थिएटरांतून फिरून, बायांशी बोलून २०१४ साली 'संगीतबारी' हे पुस्तक लिहिलं. सावित्री मेधातुल यांनी त्याच अनुभवावर रंगमंचीय प्रयोग बसवला. त्यात पांढरपेशा प्रेक्षकांसमोर बारीतल्या बायाच गातात, नाचतात आणि मान घेतात. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत कुठल्याही घरातली मुलं-मुली लावणी शिकतात. अदा कोल्हाटणीच्याच पोटी जन्मावी असा काही नियम नाही. जिने ती कमावली तिच्यासमोर बसणारा शागीर्द हवा, आणि शिकवणारीला गुरूचा मान आणि गुरूची बिदागी हवी.

साताऱ्याला, वाईला यापुढे काही करायचं असेल तर पुतळ्याची गरज नाही. नमुना कृष्णेच्याच खोऱ्यात, मिरजेत आहे. वैशाखी पौर्णिमेच्या आसपास जत्रांचा हंगाम संपतो, फड परततात, कलावंत रिकामे असतात. यमुनाबाईंचा स्मृतिदिन १५ मे, कांताबाईंचा २५ मे. दोन्ही त्याच दिवसांत येतात. एखाद्या घाटावर सतरंजी टाकावी, पेटी आणि ढोलकी आणावी, बाऱ्यांतल्या बायांना आणि त्यांच्याकडे शिकलेल्यांना बोलवावं. भाषणं नकोत, हारतुरे नकोत. प्रत्येकीने एक लावणी म्हणावी आणि आधी सांगावं, ही मी कुणाकडून घेतली. जी नावं त्या दिवशी उच्चारली जातील त्यांची वही ठेवावी. विश्वकोश घडवणाऱ्या गावाला एवढी एक नोंदवही ठेवणं जड जाऊ नये.