पराटीच्या बोंडातले तीन विषय



बारावीचे निकाल लागले म्हणजे अमरावती-अकोल्याकडच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, पोराला बी. एस्सी.ला जीवशास्त्र, रसायन आणि जैवतंत्रज्ञान घ्या म्हणतात. याचा आपल्या वावराशी काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. फी आणि खोलीभाडं त्यांच्याच खिशातून जायचं असतं.

उत्तर आपल्या पराटीवर आहे. मातीत एक सूक्ष्म जिवाणू राहतो. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस पडलं. आपण ‘बीटी’ म्हणतो ती याचीच आद्याक्षरं. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. बोंडअळीने ते खाल्लं की ते तिच्या आतड्याच्या भिंतीला चिकटतं, तिथे छिद्रं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं. अळीचा पाचकरस सोड्यासारखा अल्कधर्मी असतो आणि त्यातच हे प्रथिन नीट विरघळतं. शिवाय चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नाही.

आता पाहा. ती चिकटण्याची जागा ओळखणं हे जीवशास्त्र. प्रथिन कशात विरघळतं, कशात नाही, हे रसायन. आणि ते प्रथिन बनवण्याची आज्ञा देणारा जनुक जिवाणूतून घेऊन कपाशीच्या पेशीत बसवणं, हे जैवतंत्रज्ञान. एक सोडला तर उरलेले दोन अर्धवट राहतात.

भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी तिला दाद देईनाशी झाली, आणि २०१७च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. असं का झालं? हजारो अळ्यांत एखादी विष पचवणारी निघते. हा गुण बहुधा आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिलात पुरता उतरतो. म्हणून बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळत असे. ती वावराच्या कडेने लावली म्हणजे तिच्यावर साधे पतंग वाढतात, टिकलेल्या पतंगांशी त्यांची जोडी जमते आणि पुढची पिढी बीटीवर मरते. पुष्कळांनी ती पुडी फेकून दिली. का लावायची, हे नीट सांगणारं कोणी भेटलं नव्हतं! त्यात डिसेंबरनंतरही फरदड ठेवली, म्हणजे अळीला पुढचे महिनेही जेवण मिळालं. ही अळी अंड्यातून निघाली की लवकरच बोंडात शिरते. मग वरून फवारा कितीही मारा, तो तिच्यापर्यंत पोचत नाही. गावात आनुवंशिकता समजणारी चार पोरं असती, तर त्या पुडीचं मोल कळलं असतं, असं मला वाटतं.

शिकायला दूर जावं लागत नाही. अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघालं, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९चं, अमरावतीचं विद्यापीठ १९८३चं. मात्र इथे पालक गोंधळतात. अकोल्याची बी. एस्सी. ही शेतकीची, तिचा प्रवेश वेगळा, अभ्यासक्रमही वेगळा. अर्ज भरण्यापूर्वी हे विचारून घ्यावं.

पदवी हाती येताच नोकरी दारात येईल असं कोणी म्हटलं, तर विश्वास ठेवू नका. जैवतंत्रज्ञानात बहुधा एम. एस्सी.पर्यंत जावं लागतं. मला विचाराल तर रसायन पक्कं करावं. माती-पाण्याची तपासणी असो की औषधांचा कारखाना, विचारणा त्याचीच. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी पिकाला का मानवत नाही, हेही सोडियम समजल्याशिवाय कळत नाही. आणि गणित टाळू नये; ते टाळायला म्हणून जीवशास्त्र घेणारी मुलं पुढे अडतात.

गुरुजी, तुम्हाला शाळेतच याची चुणूक दाखवता येईल. पिकलेलं केळं कुस्करा. थोड्या पाण्यात मीठ आणि भांडी धुण्याचा पातळ साबण मिसळून त्यात कालवा, फडक्याने गाळा. साबणाने पेशीभोवतालचा स्निग्ध पडदा फुटतो. मग ग्लास तिरपा धरून कडेने गार स्पिरिट हळूच सोडा. दोहोंच्या मध्ये पांढरे तंतू तरंगू लागतील. ते काडीवर गुंडाळून मुलांना दाखवा. जनुक असतात ते याच डी.एन.ए.च्या धाग्यांत. स्पिरिट झटकन पेट घेतं आणि विषारीही असतं, म्हणून बाटली स्वतःच्या हाती ठेवा आणि त्या तासाला वर्गात दिवा किंवा स्टोव्ह नको.