आचाररसायन आणि आपला रोजचा व्यवसाय

रसायन हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे च्यवनप्राशाची बरणी येते. थंडीची चाहूल लागली की औषधविक्रेत्यांकडे मागणी वाढते, आपणही चिकित्सापत्रावर एखादे रसायन आवर्जून लिहितो. परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायाचा चौथा पाद ज्यांनी अलीकडे पुन्हा उघडून पाहिला असेल, त्यांना स्मरत असेल की त्यात असेही एक रसायन सांगितले आहे, ज्याला खल लागत नाही, भावना द्यावी लागत नाही आणि ज्याची किंमतही छापता येत नाही. ते म्हणजे आचाररसायन. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी त्यावर टीप लिहिली, गुण मिळवले आणि पुढे निघालो. प्रस्तुत लेखात त्याच विषयाचा विचार परीक्षेसाठी नव्हे, तर दवाखान्यातील आणि औषधालयातील रोजच्या व्यवहारासाठी करावा असा आमचा हेतू आहे.

आचार्यांनी तेथे काय सांगितले आहे? सत्य बोलणारा, न रागावणारा, मद्यापासून दूर राहणारा, अतिश्रम न करणारा, शांत, प्रिय बोलणारा, शुचिर्भूत, दानशील, गुरुजन व वृद्ध यांचा मान राखणारा, दयाळू, झोप व जागरण यांचा मेळ राखणारा, दूधतुपाचे नित्य सेवन करणारा, देश-काल-प्रमाण जाणणारा आणि अहंकाररहित असा जो मनुष्य आहे, त्याला औषध न घेताही रसायनाचे फळ मिळते. त्याने रसायन घेतले तर ग्रंथोक्त सर्व गुण त्याच्या ठिकाणी प्रकट होतात. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. सत्य आणि अक्रोध यांच्याच रांगेत आचार्यांनी तूप आणि झोप बसवली आहे. नीती वेगळी आणि शरीरधर्म वेगळा अशी फाळणी त्यांना मान्य नव्हती. रात्री दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या वैद्याने सकाळी गोड बोलण्याचा कितीही संकल्प केला तरी अकराव्या रुग्णापर्यंत तो टिकत नाही, हे आपण सर्वजण जाणतो.

हा विषय आमच्या मते केवळ सुभाषितांचा नाही. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अधारणीय वेगांनंतर लगेच धारणीय वेग येतात. लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या, अतिराग आणि परद्रव्याची अभिलाषा यांचे वेग धरून ठेवावेत, असे तेथे म्हटले आहे. मलमूत्राच्या वेगाविषयी आपण प्रत्येक रुग्णाला विचारतो. या दुसऱ्या यादीविषयी स्वतःलाही विचारत नाही. मे महिन्यात जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असतो, वीज गेलेली असते, बाहेर बाकावर पंधरा माणसे बसलेली असतात आणि एखादी वृद्धा अहिराणीत आपली कथा अगदी पहिल्यापासून सांगू लागते. ‘पोट दुखस’ एवढ्या दोन शब्दांवर तिला थांबवून हात पुढे करायला सांगण्याचा मोह होतो. त्या क्षणी जो वेग उठतो तो क्रोधाचाच असतो. आपण त्याला घाई असे सौम्य नाव देतो. आणि खरे निदान बहुतेक वेळा त्या लांबलेल्या कथेच्या शेवटी असते, हा अनुभव कोणत्या वैद्याला नाही?

आपल्या खानदेशात या विषयाचा एक मोठा प्रयोग घडून गेला आहे. तो दवाखान्यात नव्हे, तुरुंगात घडला. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबा भावे राजबंदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवारांत त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जो ग्रंथ घरोघरी आढळतो तो असा तयार झाला. विनोबांचे वय तेव्हा ३६ वर्षांचे होते आणि गुरुजींचे ३२, म्हणजे दोघेही आपल्या संघटनेतील बऱ्याच सभासदांपेक्षा लहानच. जन्माने दोघेही कोकणातले. पण धुळे आणि अमळनेर यांनी त्यांना कधी परके मानले नाही.

या घटनेचे स्मरण पुष्कळदा भक्तिभावाने केले जाते, ते योग्यच आहे. आम्हांला मात्र तिच्यातील व्यवसायोपयोगी अंगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली गोष्ट नियमिततेची. तुरुंगातील मनुष्याला सबबी पुष्कळ असतात. तरीही रविवार चुकला नाही. दुसरी गोष्ट चौथ्या अध्यायावरील विवेचनाची. बाहेरचे कर्म आणि त्याला जोडलेले अंतःकरण यांचा विचार करताना विनोबांनी विकर्म या शब्दाचा अर्थ मनाची जोड असा लावला. नुसते कर्म भाररूप होते; त्यात मन ओतले की त्याचा भार उरत नाही, असा त्यांचा आशय आहे. गीतेच्या टीकाकारांनी विकर्माचा अर्थ निषिद्ध कर्म असा केलेला आहे, त्यामुळे विद्वानांचा येथे आक्षेप असू शकतो. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने हा अर्थ फार उपयोगी आहे. नाडीवर बोटे ठेवणे हे कर्म. त्या वेळी दुसऱ्या हातात भ्रमणध्वनी असेल तर ते कर्म होऊनही परीक्षण झालेले नसते, आणि रुग्णाला हे आपल्याआधी कळते.

तिसरी गोष्ट लिहून घेण्याची, आणि आम्हांला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बोलणाऱ्याइतकेच लिहून घेणाऱ्याचे श्रेय आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची अंथरुणे आवरण्यापासून त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढण्यापर्यंतची कामे त्यांनी कोणी न सांगता केली. तीच सवय पुढे तुरुंगात उपयोगी पडली. लिहिण्याच्या शिस्तीचे दुसरे उदाहरणही धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदांचा सांभाळ करण्यासाठी त्यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. खानदेशात लिहिलेला कागद जपण्याची अशी परंपरा असताना आपल्या दवाखान्यांतील रुग्णपत्रकांची अवस्था काय असते, ते सांगायला नको. ‘चूर्ण – ७ दिवस’ एवढीच नोंद असेल, तर सात दिवसांनी आलेल्या रुग्णाला आपण कशाच्या आधारे तपासतो? चरकाने वैद्याचे जे चार गुण सांगितले त्यात शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळदा पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता यांचा समावेश आहे. पुष्कळदा पाहिले परंतु नोंदवले नाही, तर पंचवीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाची पंचवीस वेळा आवृत्ती ठरण्याचा धोका असतो.

आता सुधारणा करायची ती कशी? या प्रश्नाचे उत्तर इतर शास्त्रांत शोधण्याची गरज नाही. पादांशिक क्रम आपण व्यसन सोडवण्यासाठी रुग्णाला सांगतो. अहितकर सवय एकदम न सोडता तिचा एक पाद, म्हणजे चतुर्थांश, सोडावा. तेवढाच हितकर गोष्टीचा अंश घ्यावा. मध्ये क्रमाने एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवावे. अंतराच्या तपशिलाविषयी टीकाकारांचे विवेचन विस्तृत आहे, त्यात येथे शिरत नाही. पुढचा आशय मात्र मोलाचा आहे : क्रमाने घटवलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने वाढवलेले गुण डळमळत नाहीत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी आपल्याकडे येणाऱ्या तरुणांची दातांची अवस्था पाहता एकदम तोडलेली सवय किती टिकते याचा अंदाज येतो.

हाच क्रम वैद्याने स्वतःला लावून पाहावा. दिवसाला चाळीस रुग्ण पाहणाऱ्याने चाळीसही रुग्णांचे संपूर्ण दशविध परीक्षण उद्यापासून करण्याचा संकल्प सोडला, तर तो गुरुवारपर्यंतही टिकणार नाही. पहिल्या दहा रुग्णांचे पत्रक पूर्ण लिहावे. ते अंगवळणी पडले की वीस. पहिल्या दहांच्या वेळी भ्रमणध्वनी खणात ठेवावा. हे फार लहान वाटेल. पण लहान आहे म्हणूनच होते.

वाग्भटांनी याला एका नित्यकर्माची जोड दिली आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायाच्या शेवटाकडे ते सांगतात की माझे दिवस आणि रात्री सध्या कशा प्रकारे जात आहेत, याचे स्मरण जो नित्य ठेवतो तो दुःखाचा वाटेकरी होत नाही. प्रज्ञापराधाच्या विवेचनात धी आणि धृती यांच्यासोबत स्मृतीचा भ्रंश सांगितलेला आहे, त्याच्याशी हे ताडून पाहावे. दवाखाना बंद करण्यापूर्वीची पाच मिनिटे यासाठी पुरतात. आज कोणाला उत्तर द्यायचे टाळले, कोणाला ‘बरे वाटेल’ असे आधाराशिवाय सांगितले, कोणाला दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायला हवे होते, एवढेच पाहायचे. देवघरात जाण्याइतका वेळही त्याला लागत नाही.

काही सभासद येथे म्हणतील की हे सारे ठीक, पण पोट कसे भरायचे? प्रश्न रास्त आहे. चिकित्सेचा जे बाजार मांडतात ते सोन्याची रास टाकून धुळीच्या राशीमागे लागतात, असे चरकाने कठोर शब्दांत म्हटले आहे. परंतु त्याच चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणेनंतर लगेच धनैषणा सांगितली, साधनहीन दीर्घायुष्य हे वाईट म्हटले आणि धनार्जनाच्या मार्गांत शेती, पशुपालन यांच्याबरोबर वाणिज्यही गणले. तेव्हा औषधालयाच्या मालकांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. विक्री निंद्य नाही. प्रश्न आहे तो पुडीत काय जाते याचा.

उदाहरण द्यायचे तर अशोकाच्या सालीचे देता येईल. रस्त्याच्या कडेला, बंगल्यांच्या कुंपणाला जे उंच सरळ झाड लोक अशोक म्हणून लावतात ते आसोपालव होय; अशोकारिष्टातील अशोक वेगळा. साल वाळून तुकडे झाली की दोन्ही सहज वेगळी ओळखता येत नाहीत, आणि भावात फरक असल्यामुळे बाजारात भेसळ होते. मिऱ्यात पपईच्या बिया मिसळण्याचा प्रकार तर किराणा दुकानदारही जाणतात. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर उणावू लागते असे शार्ङ्गधराचे मत आहे. गोळ्या आणि अवलेह यांना त्याने वर्षाची मर्यादा सांगितली. कायद्याने छापावी लागणारी मुदत वेगळी, ती पाळावीच लागते. पण ज्या दुकानात कुटलेल्या चूर्णाच्या डब्यावर कुटल्याची तारीख लिहिलेली असते, त्या दुकानाचे नाव आम्ही रुग्णाला निःशंकपणे सांगतो. अशी तारीख लिहायला खडूचा तुकडा पुरतो.

याहून गंभीर बाब म्हणजे सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड मिसळण्याची. तोंड सुजलेले, साखर वाढलेली, आणि ‘ते औषध मात्र फार गुणकारी होते’ असे सांगणारे रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. दीर्घकाळ दिलेले स्टेरॉइड एकाएकी बंद झाले तर अधिवृक्क ग्रंथी पुरेसे संप्रेरक निर्माण करू शकत नाहीत आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पुडीत काय होते हे रुग्णाला ठाऊक नसते, म्हणून नंतरच्या वैद्यालाही कळत नाही. येथे सद्वृत्त हा शिष्टाचाराचा विषय राहत नाही. ‘यात काय आहे?’ असे रुग्णाने विचारले असता प्रत्येक घटकाचे नाव सांगता आले पाहिजे. जे सांगता येत नाही ते पुडीत असता कामा नये.

जळगावच्या सराफ बाजारात बाहेरच्या जिल्ह्यांतून लोक सोने घ्यायला येतात. सोने तर सर्वत्र मिळते. येथवर माणूस येतो तो शुद्धतेच्या विश्वासाने. हॉलमार्क येण्याच्या कितीतरी आधीपासून ही ख्याती आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या तराजूमुळे झाली आहे. खानदेशच्या वैद्यांच्या आणि औषधालयांच्या पुडीबद्दल असे बोलले जावे, हे आमच्या मते अशक्य नाही.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात असे सांगितले आहे की बुद्धिमंताला सारे जग आचार्य असते, म्हणून शत्रूचेही हितकर वचन ऐकावे. आपापसांत मात्र आपण एकमेकांचे वचन फारसे ऐकत नाही. तालुका पातळीवरील सभासदांनी महिन्यातील एका रविवारी तासभर एकत्र बसून सूत्रस्थानाचा सातवा आणि आठवा अध्याय, पुढे विमानस्थानाचा आठवा, आणि शेवटी चिकित्सास्थानातील रसायनपाद वाचावा, अशी आमची सूचना आहे. प्रत्येकाने आपले एक अपूर्ण राहिलेले रुग्णपत्रक सोबत आणावे, औषधविक्रेत्यांनी शंका असलेल्या कच्च्या द्रव्याचा नमुना आणावा, आणि एका सभासदाने चर्चेची टिपणे घ्यावीत. जून ते सप्टेंबर हा काळ दवाखान्यांत गर्दीचा असतो. तेव्हा दिवाळीनंतर आरंभ करणे सोयीचे होईल.