डोंगरउताराचे अर्थकारण

मुंबईपासून दीडशे किलोमीटरांच्या आतच, सह्याद्रीच्या पश्चिम उतरणीवर, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर हे तालुके वसलेले आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी या जमातींची ही जुनी वसतिभूमी. देशातील सर्वांत धनाढ्य नगरीच्या इतक्या निकट असूनही या मुलखाचे दारिद्र्य पिढ्यान्‌पिढ्या हटलेले नाही. राज्ये पालटली, कायदे झाले, योजना आल्या आणि गेल्या, परंतु पुष्कळ पाड्यांवर कणगीचा तळ आजही पुढच्या सुगीच्या कितीतरी आधी दिसू लागतो. याचे कारण विचारले असता जमीन हलकी, माणसे अडाणी, व्यसने फार, अशी तीन उत्तरे तयार असतात. त्यांपैकी पहिल्यात काही तथ्य आहे; उरलेली दोन परिणामालाच कारण समजणारी आहेत. या प्रदेशाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास लक्षपूर्वक पाहिला, तर डोंगरावर जे जे निपजते, मग ते लाकूड असो, पाणी असो की माणसाचे श्रम असोत, ते खाली उतरते, आणि त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार मात्र नेहमी खालच्यांच्याच हाती राहिला आहे, असे निर्विवादपणे दिसून येते.

निसर्गाचा वाटा प्रथम मान्य केला पाहिजे. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर वर्षाला १०० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि काळ्या पाषाणावरच्या मातीच्या पातळ थरात न मुरता ओढ्यानाल्यांतून समुद्राकडे धावतो. सखल जागी बांध घालून केलेल्या खाचरांत भात होतो. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, उडीद, खुरासणी ही पिके निघतात, आणि रोपे तयार करण्यासाठी फांद्या व पालापाचोळा जाळून राब भाजावा लागतो. एवढ्या पिकावर बारा महिने निघत नाहीत, हे डोंगरातल्या माणसाला कोणी शिकवावे लागले नव्हते. म्हणून तर त्याची उपजीविका शेत आणि रान अशा दोन्हींवर उभी होती. धान्य सरले की कंदमुळे, रानभाज्या, मोहाची फुले, ओढ्यातले मासे, कात आणि कोळसा यांवर तो उरलेले दिवस काढी.

एकोणिसाव्या शतकात हे रान त्याच्या हातून गेले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. लोहमार्ग वाढत गेले तसतशी रुळांखालच्या स्लीपरांसाठी इमारती लाकडाची आणि वाढत्या शहरासाठी सरपणाची मागणी वाढली, आणि जंगल ही महसुलाची एक मोठी बाब ठरली. १८७८ हे साल या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण त्या एकाच वर्षी हिंदुस्थानचा जंगल कायदा आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा असे दोन कायदे झाले. पहिल्याने राखीव जंगलाच्या हद्दी घालून राब, चराई आणि लाकूडफाटा यांविषयीची पिढीजात वहिवाट सरकारी मेहेरबानीच्या पायरीवर आणली. दुसऱ्याने मोहाची घरगुती दारू गुन्हा ठरवून परवानाधारक मक्तेदाराला गिऱ्हाईक मिळवून दिले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी उठल्या की सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला, परंतु धोरणाचा गाभा बदलला नाही. काल जो रानाचा धनी होता तो आज मोळी विकताना रखवालदाराच्या मर्जीकडे पाहू लागला.

रान गेल्यावर आषाढ-श्रावणातल्या भुकेला सावकाराचे कोठार एवढाच आधार उरला. खावटी म्हणून घेतलेले धान्य सुगीला दिढीने, कधी दुपटीने फेडायचे, आणि फेडून रिकामी झालेली कणगी भरण्यासाठी पुन्हा त्याच दारी जायचे, असा तो फेरा होता. मोजणी आणि जमाबंदी होऊन जमीन ही दस्तऐवजाने विकता येणारी वस्तू झालेली होतीच. रोख्यांवरच्या अंगठ्यांमागून शेते सावकारांच्या आणि शेठजींच्या नावे चढली, आणि मूळचा मालक आपल्याच शेताचा मक्ता भरणारा कूळ झाला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रकमेपोटी नवराबायकोने वर्षानुवर्षे धन्याच्या घरी राबायचे, ही लग्नगड्याची चालही याच भूमीतली. १९३९ साली सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील डोंगरी जमातींविषयी सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात सावकार, जमीनदार आणि जंगलखात्याचे कनिष्ठ नोकर यांच्या पिळवणुकीची स्पष्ट नोंद आहे. पण वेठ आणि लग्नगडी या प्रथा प्रत्यक्ष मोडल्या त्या १९४५ पासून, शेतकरी चळवळीतील शामराव व गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या वारल्यांनी स्वतःच.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे सद्‌हेतूचे होते, यात संशय नाही. १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक ठरला. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. १९७६ साली वेठबिगारी देशभर बेकायदा ठरली. परंतु जमिनी परत देण्याचा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतीतल्या हस्तांतरांनाच लागू होता, आणि रोख्यांच्या जोरावर झालेले जुने अपहरण त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात कधी लागलेच नव्हते, त्याला मालकीचा दिवस येऊन गेल्याचे कळलेही नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, धान्य सरण्याच्या आणि नवे पीक हाती येण्याच्या मधले जे भुकेचे महिने, त्यांना यांतल्या एकाही कायद्याने स्पर्श केला नाही.

ते महिने आज वीटभट्टीची आगाऊ उचल भरून काढते. भाताची कापणी-झोडणी आटोपली, दिवाळी झाली, की भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांकडे कुटुंबेच्या कुटुंबे ‘जगायला’ निघतात. कातकरी कोळसाभट्ट्यांवर याहूनही दूर जातात. बहुतेकांनी मालकाकडून अथवा मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. दुखणे, लग्न, घरावरची कौले किंवा नुसते तांदूळ, अशा कोणत्याही निमित्ताने घेतलेली ही रक्कम हंगामभर फेडायची; आठवड्याला हाती पडते ती केवळ खर्ची, आणि तीही हिशोबात मांडलेली. विटांची मोजदाद मालकाच्या वहीत, मजुरीचा दर मालकाच्या मुखात. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो तेव्हा अनेकांच्या नावे बाकीच निघते, आणि ती पुढच्या हंगामाची बेडी होते. लग्नगड्याच्या काळी आयुष्य गहाण पडे, आता वर्षाचे सात महिने पडतात. श्रमाचे मोल श्रमापूर्वीच, गरजेच्या क्षणी आणि गरजवंताच्या तोंडाकडे पाहून ठरावे, हे त्यातले मर्म तसेच राहिले आहे. बापामागून गेलेल्या मुलाची शाळा दर वर्षी अर्ध्यात तुटते. गरोदर बाई दवाखान्यापासून दूर, चिखलात आणि धुळीत दिवस काढते. ज्या अडाणीपणाला आपण दारिद्र्याचे कारण म्हणतो तो असा हंगामाहंगामाने घडविला जातो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा कुपोषणाचा विचार एखाद्या रोगासारखा झाला. परंतु त्या बालकांच्या भुकेची मुळे आईच्या ताटात, आणि आईच्या ताटाची मुळे या वार्षिक फेऱ्यात होती.

पाण्याची कथा याहून निराळी नाही. शहापूर तालुक्यात १८९२ साली तानसा धरण झाले. १९५७ साली मोडकसागर, पुढे भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईची तहान मुख्यतः याच डोंगरांतल्या पाण्यावर भागते. आणि तरीही चैत्र-वैशाखात शहापूर आणि मोखाड्याच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, रब्बीला पाणी नाही म्हणून दुसरे पीक नाही, आणि दुसरे पीक नाही म्हणून पुन्हा भट्टी. शहराला पाणी मिळू नये असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्याच्या अंगणातून नदी अडवून नेली त्याच्या शेताला त्या पाण्याचा हिस्सा का असू नये, या प्रश्नाला न्याय्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

म्हणून उपायांची परीक्षा एकाच कसोटीवर घेतली पाहिजे: त्यांनी भुकेच्या महिन्यांत या माणसाची लाचारी कमी होते काय? महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याने रोजगाराची हमी दिली, आणि २००५ साली देशाने ते तत्त्व स्वीकारले. मजुरी पंधरा दिवसांत देण्याचे बंधनही त्यात घातले. पण मजुरी दोन-तीन महिने रखडली तर उचल आगाऊ मोजणारा मुकादमच जिंकतो. येथे विलंब म्हणजे नकारच होय. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर १८७८ च्या अन्यायाची कबुलीच दिली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने त्या कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि पुढे आपला बांबू आपल्या अधिकारात विकून दाखविला. गावाच्या हाती रान आले की ते उजाड होते, हा समज त्या अनुभवाने खोटा ठरतो. जव्हार-विक्रमगडकडे ज्यांना विहिरीचे थोडे पाणी लाभले, त्यांनी मोगऱ्याची लागवड करून भट्टीची वाट सोडल्याची उदाहरणे आहेत. हे सर्व दानधर्माने घडले नाही. जमिनीचा, रानाचा, पाण्याचा किंवा मजुरीचा कोणता ना कोणता हक्क निश्चित झाला, म्हणून घडले.

डोंगराला दया पुष्कळ मिळाली. त्याला हवा आहे तो सातबाऱ्यावर त्याच्या नावाचा उतारा, गावाच्या नावे रानाचा पट्टा, धरणाच्या पाण्यात हिस्सा आणि केलेल्या कामाचा वेळेवर पैसा. या चारही गोष्टी देण्याइतके कायदे आपल्या दप्तरी आहेत किंवा करता येण्याजोगे आहेत. त्यांची अंमलबजावणी पुढच्या पावसाळ्याआधी, उचलीचा बाजार भरण्यापूर्वी झाली पाहिजे, हे मागणे सुस्थितीत दिवाळी साजरी करणाऱ्या प्रत्येकाने आपले मानले पाहिजे.