बक्कल की लॉक? मनगटी घड्याळाच्या पट्ट्याची निवड

मनगटी घड्याळ विकत घेताना ग्राहक तबकडी न्याहाळतो, यंत्राची चौकशी करतो, काच पारखतो. पट्टा ज्या बक्कलाने किंवा लॉकने बंद होतो त्याची निवड मात्र तो बहुधा उत्पादकावर सोडून देतो. वास्तविक घड्याळाच्या बाहेरच्या अंगातला हाच भाग रोज बोटांनी उघडला आणि मिटला जातो, आणि तो निसटला तर घड्याळ थेट फरशीवर आपटते. म्हणून त्याची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी लागते: पट्टा किती बारीक मापाने सैल किंवा घट्ट करता येतो, आणि एखादा भाग ऐनवेळी तुटला तर घड्याळाचे काय होते. पहिला प्रश्न उष्ण हवेच्या प्रदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण उन्हात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावून मनगट किंचित फुगते आणि सकाळी नेमका बसलेला पट्टा दुपारी काचू लागतो.

सर्वांत जुनी आणि साधी रचना बक्कलाची, म्हणजे एक धातूची चौकट आणि पट्ट्याच्या छिद्रात शिरणारी बारीक पिन. एचएमटीच्या चावीच्या घड्याळांना लावलेल्या चामडी पट्ट्यांमुळे ती मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. ती हलकी असते, मनगटाखाली फारशी जाडी वाढवत नाही आणि बिघडली तर अल्प किमतीत बदलता येते. तिची उणीव अशी की दोन छिद्रांमध्ये सहसा ६ ते ७ मिलिमीटर अंतर असल्यामुळे पट्टा एका छिद्रात सैल तर पुढच्यात आवळ होतो. शिवाय चामडे रोज त्याच जागी वाकवले जात असल्याने नेहमीच्या छिद्रापाशी आधी सुरकुती, मग भेग पडते.

या दुसऱ्या दोषावर उपाय म्हणून घडीचे लॉक आले. पॅरिसच्या कार्तिये या जवाहिऱ्यांच्या पेढीचे नाव या शोधाशी जोडलेले असून १९१० च्या सुमारास या पेढीच्या घड्याळांवर अशी बांधणी दिसू लागली. यात पट्ट्याची दोन्ही टोके धातूच्या बिजागरीयुक्त पात्यांना जोडलेली असतात. माप एकदाच ठरवायचे आणि नंतर पाती उघडून हात आत सरकवायचा. चामडे वाकत नसल्याने पट्टा अधिक टिकतो आणि लॉक उघडले तरी पट्टा कड्यासारखा अखंड राहत असल्यामुळे घड्याळ हातातून खाली पडण्याची भीती कमी होते. तथापि पात्यांची जाडी मनगटाच्या खालच्या बाजूस येते, आणि दिवसभर संगणकासमोर काम करणाऱ्याला किंवा बारीक मनगटाच्या व्यक्तीला ती टोचते; अशा वाचकांनी केवळ रुबाबासाठी हे लॉक घेऊ नये.

स्टीलच्या साखळीच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘चेनच्या’ घड्याळांत दोन प्रकार मुख्य आहेत. फुलपाखरी लॉकची दोन पाती मधोमध मिटतात, त्यामुळे मिटल्यावर साखळी सलग दिसते. परंतु त्यात बारीक फेरफाराची सोय बहुधा नसते आणि माप केवळ कड्या काढून वा घालूनच बदलते. एका बाजूला मिटणाऱ्या लॉकच्या कडेला मात्र छोट्या छिद्रांची रांग असते आणि आतली स्प्रिंगची काडी टाचणीने एका छिद्रातून दुसऱ्यात सरकवली की साखळी थोड्या मिलिमीटरांनी लांब किंवा आखूड होते. दिसण्यात फुलपाखरी लॉक उजवे आहे यात शंका नाही, पण कोकणातल्या किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात रोज घड्याळ वापरणाऱ्याने छिद्रांचे लॉकच निवडावे. पाणबुड्यांच्या घड्याळांत ही सोय आणखी पुढे गेली आहे: रोलेक्सच्या ग्लाइडलॉक या रचनेत कोणतेही हत्यार न वापरता दर टप्प्याला सुमारे २ मिलिमीटर एवढा फरक करता येतो, म्हणजे तेच घड्याळ पोहण्याच्या जाड पोशाखावरही बांधता येते.

दुसऱ्या प्रश्नाचे सर्वोत्तम उत्तर एका स्वस्त नायलॉनच्या पट्टीने दिले आहे. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने १९७३ साली सैनिकांसाठी करड्या रंगाच्या नायलॉन पट्ट्याचे प्रमाण ठरवले, आणि हाच पट्टा पुढे जगभर ‘नाटो’ या नावाने ओळखला गेला. घड्याळाचा पट्टा ज्या दोन स्प्रिंगच्या काड्यांनी, म्हणजे स्प्रिंग बारनी, डबीला जोडलेला असतो, त्या दोन्हींखालून ही एकच सलग पट्टी जाते. त्यामुळे एक काडी तुटली तरी घड्याळ दुसरीच्या आधाराने मनगटावर लटकलेले राहते. बक्कल तेच जुने, पण छिद्रे पुष्कळ. प्रवासी, गिर्यारोहक आणि शेतात राबणारे यांच्यासाठी महागड्या लॉकपेक्षा ही पट्टी अधिक विश्वासार्ह आहे.

स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी शोधलेल्या वेल्क्रोच्या पट्ट्यांनी अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांची घड्याळे पोशाखावरून बांधली जात. छिद्रांची अट नसल्याने वेल्क्रो कोणत्याही मापाला थांबते आणि संधिवाताने बोटे आखडलेल्या व्यक्तीला ती सर्वांत सोयीची पडते. धुळीने आणि धाग्यांनी तिचे आकडे भरले की मात्र पकड ढिली होते. चुंबकाचे लॉकही असेच सहज बसते, परंतु पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने बलवान चुंबक हृदयावरच्या यंत्रापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा, असा वैद्यकीय सल्ला आहे, आणि चावीच्या किंवा स्वयंचलित घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकत्व धरू शकते, तेव्हा वेळ चुकू लागते.

त्वचेची बाबही दुर्लक्षू नये. बक्कलाच्या खालीच खाजरा लाल चट्टा उमटत असेल तर त्याचे कारण बहुधा धातूतले निकेल असते, आणि घामात ते अधिक सुटते. युरोपीय संघाने त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, अशी मर्यादा घातली आहे. चट्टा उठणाऱ्याने मुलामा दिलेले स्वस्त बक्कल टाळून टायटेनियमचे किंवा चांगल्या प्रतीच्या स्टीलचे घ्यावे.

लॉक कितीही भक्कम असले तरी घड्याळ पडण्याचे कारण पुष्कळदा स्प्रिंग बारच असतो. घामातले मीठ त्याच्या नळीत साचते, गंज चढतो आणि आतली स्प्रिंग दमते, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. पट्टा बदलताना घड्याळजीकडून दोन्ही काड्या नव्या घालून घ्याव्यात; त्यांची किंमत पट्ट्याच्या मानाने नगण्य असते, फक्त लांबी डबीच्या कानांमधील अंतराशी, म्हणजे १८, २० किंवा २२ मिलिमीटरच्या मापाशी, तंतोतंत जुळली पाहिजे.